लेव्हल मीटर एकाच आकड्यावर अडकतो: द्रवरूप हेलियमची पातळी खोटी दिसते तेव्हा

तक्रार अशी होती. सोमवारी क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे द्रवरूप हेलियम थंड राखणाऱ्या भांड्यात, हेलियम भरला की मीटर 90 टक्क्यांपर्यंत चढायचा. पुढचे तीन दिवस रोज आठ-नऊ टक्क्यांनी नेमाने उतरायचा आणि गुरुवारी 64 वर येऊन थांबायचा. मग शुक्रवारी 64, शनिवारी 64. आणि रविवारी कधीतरी, तासाभरात, 64 वरून थेट 38.

पाहणाऱ्याला वाटणार की इतके दिवस सगळं ठीक होतं आणि आज अचानक हेलियम उडाला. सगळ्यांना तसंच वाटलं. बाहेरची उष्णता अडवणाऱ्या जॅकेटचा व्हॅक्यूम बिघडला असं धरून पंप लावला गेला, गळती शोधण्यात दोन दिवस गेले, हाती काही लागलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. एकदा तर 64 वर भरवसा ठेवून एका विद्यार्थ्याने रविवारी सकाळी मॅग्नेट चढवला, म्हणजे हेलियममध्ये बुडालेल्या अतिसंवाहक चुंबकातला प्रवाह वाढवत नेला, आणि मोजमाप चालू असतानाच आकडा कोसळला. तो गडबडला नाही, प्रवाह हळूहळू उतरवत गेला, म्हणून क्वेंच, म्हणजे चुंबकाची अतिसंवाहकता एकाएकी जाणं, टळला. क्वेंच झाला असता तर उरलासुरला हेलियम काही मिनिटांत वायू होऊन निघून गेला असता, आणि मॅग्नेटच्या गुंडाळीला इजा होण्याचा धोका होताच.

हा दोष मी गेल्या काही वर्षांत तीन-चार ठिकाणी पाहिला आहे. प्रत्येक ठिकाणी माणसं आधी हेलियमच्या मागे धावली, सेन्सरचा विचार सगळ्यात शेवटी आला. भारतात जवळपास सगळा हेलियम बाहेरून येतो, त्यामुळे प्रत्येक लिटरचा हिशेब द्यावा लागतो, आणि तो हिशेब ज्या मीटरवर लिहायचा तोच चुकीचं सांगत असेल तर पुढचं सगळं बिघडतं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मीटर नेमकं काय मोजतो

लेव्हल मीटर हेलियम मोजत नाही. तो एका तारेचा रोध मोजतो आणि त्यावरून हेलियम किती असावा याचा अंदाज बांधतो. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर निम्म्याहून जास्त कोडी तिथेच सुटतात.

सेन्सर म्हणजे ठिकठिकाणी भोकं पाडलेली एक बारीक उभी नळी आणि तिच्या आत वरपासून खालपर्यंत ताणलेली नायोबियम-टायटॅनियमची केसासारखी तार. ही तार साडेनऊ केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होते, म्हणजे त्याखाली तिचा रोध शून्य. साध्या वातावरणीय दाबाला द्रवरूप हेलियमचं तापमान 4.2 केल्विन, त्यामुळे बुडालेल्या भागाचा रोध शून्य हे उघड आहे. गोम आहे ती वरच्या भागात. द्रवाच्या लगेच वरचा वायूसुद्धा पाच-सहा केल्विनच असतो. तिथली तार नुसती लोंबकळत ठेवली तर तीही अतिसंवाहकच राहील आणि मीटरला बुडालेली वाटेल.

यावर उपाय म्हणून तारेच्या वरच्या टोकाला एक छोटा हीटर असतो आणि तारेतून ठरावीक प्रवाह सोडतात. बहुतेक सेन्सरमध्ये तो 75 मिलिअँपच्या जवळपास असतो. हीटरमुळे वरचं टोक अतिसंवाहकता सोडतं. तिथे रोध आला की प्रवाहामुळे उष्णता होते, ती उष्णता खालच्या शेजारच्या तुकड्याला तापवते, तोही रोधक होतो. असं करत करत ही रोधक हद्द वातीवरून ठिणगी सरकावी तशी खाली सरकत जाते. द्रवाच्या पृष्ठभागाशी पोचली की थांबते, कारण द्रव उष्णता इतक्या झपाट्याने ओढून घेतो की पुढचा तुकडा तापूच शकत नाही. हद्द जिथे थांबली तिथे पातळी आहे, असं मीटर मानतो.

म्हणून आकडा चुकीचा वाटला की स्वतःला विचारायचं: ही हद्द आत्ता कुठे थांबली आहे, आणि तिथेच का थांबली?

आकडेमोड सोपी आहे. या प्रकारच्या तारेचा रोध थंड असताना सेंटीमीटरला सुमारे साडेचार ओहम असतो. आमच्या सेन्सरची कार्यकारी लांबी 50 सेंटीमीटर, म्हणजे पूर्ण तार रोधक असेल तर सुमारे 227 ओहम आणि 75 मिलिअँपला 17 व्होल्ट. मीटर 64 टक्के दाखवतो तेव्हा वरचे 18 सेंटीमीटर रोधक आहेत असं तो म्हणतो: 82 ओहम, 6.1 व्होल्ट. तारेच्या दोन्ही टोकांना दोन-दोन वायरी जोडलेल्या असतात. एका जोडीतून प्रवाह जातो, दुसऱ्या जोडीवर व्होल्टेज वाचलं जातं, त्यामुळे वरून खाली गेलेल्या लांब वायरींचा रोध हिशेबात शिरत नाही.

कोणी विचारेल, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, डोकावून का पाहत नाही? काचेच्या ड्युअरमध्ये (दुहेरी भिंतीच्या, थर्मासारख्या भांड्यात) पाहतातही. पण द्रवरूप हेलियमचा अपवर्तनांक जेमतेम 1.025, पाण्याचा 1.33, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग दिसता दिसत नाही. 10 जुलै 1908 रोजी लायडनमध्ये कामरलिंग ओनेस यांनी हेलियम पहिल्यांदा द्रवरूप केला तेव्हा त्यांनाही तो आधी दिसला नव्हता. तापमान खाली यायचं थांबलं होतं, पण भांड्यात काही आहे असं वाटेना. पाहायला आलेल्या एका सहकाऱ्याने खालून उजेड टाकून पाहा असं सुचवलं, तेव्हा कुठे काचेला टेकलेली द्रवाची कड सुरीच्या धारेसारखी उठून दिसली. भांडं तोवर जवळजवळ भरलेलं होतं. आणि आज आपल्या हातातले बहुतेक क्रायोस्टॅट धातूचे आहेत, त्यात डोकावून काहीच दिसत नाही.

64 चा उलगडा

आधी लॉगबुक उघडलं. सोमवार ते गुरुवारचे आकडे आलेखावर मांडून पट्टीने रेष पुढे वाढवली. ती रेष शनिवारी 46 वरून आणि रविवारी बरोबर 38 वरून जात होती. याचा अर्थ रविवारी काहीही उडालं नव्हतं. हेलियम सोमवारपासून एकाच वेगाने कमी होत होता, मीटर गुरुवारपासून ते सांगत नव्हता, आणि रविवारी अचानक खरं बोलू लागला होता. हा आलेख पहिल्याच आठवड्यात काढला असता तर व्हॅक्यूमचा पंप लावावा लागला नसता.

दुसरं, मीटरच्या मागच्या टोकांवर मल्टिमीटर लावून मोजमाप चालू असतानाचं व्होल्टेज पाहिलं. 6.1 व्होल्ट. म्हणजे मीटरची पेटी आपलं काम चोख करत होती, जे व्होल्टेज येत होतं त्याचंच 64 टक्के करून दाखवत होती. दोष पेटीत नव्हता, आत होता.

तिसरं, शनिवारी डिपस्टिक घातली. तिच्याबद्दल पुढे सांगतो. सेन्सरच्या शून्यापासून 23 सेंटीमीटर मिळाले, म्हणजे 46 टक्के. आलेखाच्या रेषेने सांगितला होता तोच आकडा.

आता प्रश्न एवढाच उरला की रोधक हद्द वरून 18 सेंटीमीटरवरच दर आठवड्याला का अडते. एकाच जागी पुन:पुन्हा अडतं तेव्हा त्या जागी काहीतरी असतं. तार तिथे नळीच्या भिंतीला टेकलेली असू शकते, नळीला पोचा आलेला असू शकतो, किंवा, बहुतेक वेळा, तिथे बर्फ असतो. बर्फाचा कण तारेला चिकटला की ती जागा तारेची उष्णता शोषून भिंतीकडे वाहून नेते. हद्द वरून सरकत येते, बर्फाशी पोचते आणि द्रवाशी पोचल्यासारखी थांबते. मीटरला द्रव आणि बर्फ यातला फरक कळण्याचा काही मार्ग नाही.

मग रविवारी तो सुटायचा कसा? बर्फाच्या खालची तार द्रवाबाहेर असली तरी थंड वायूत आहे, त्यामुळे अतिसंवाहक आहे. हेलियमची पातळी जसजशी उतरते तसतसा त्या उंचीवरचा वायू तापत जातो. तो साडेनऊ-दहा केल्विनच्या वर गेला की खालची तार कुणी न तापवताच आपसूक रोधक होते. बर्फाचा अडसर ओलांडायची गरजच उरत नाही. तिथून हद्द धडाधड खाली जाऊन खऱ्या पृष्ठभागाशी थांबते. ते तासाभरातलं 64 ते 38 हे एवढंच होतं.

बर्फ आला कुठून याचं उत्तरही लॉगबुकात होतं. जुलैमध्ये क्रायोस्टॅट गरम करून उघडला होता. काम घाईचं होतं, आतला भाग पुरता खोलीच्या तापमानाला यायच्या आधीच इन्सर्ट, म्हणजे सेन्सर बसवलेला आत उतरवायचा सांगाडा, बाहेर काढला गेला. कोकणपट्टीतला पाऊस, दमट हवा, एसी बंद. थंड धातूवर घाम फुटावा तसं पाणी धरलं. बाहेरून पुसून घेतलं, पण सेन्सरच्या नळीच्या आत गेलेला थेंब कोणाला दिसला नाही. इन्सर्ट परत आत गेला आणि थेंबाचा बर्फ झाला. ही तक्रार त्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यापासून सुरू झाली होती.

हेच लक्षण, वेगळं कारण

अडकलेला आकडा दर वेळी वेगळा असेल आणि तासा-दोन तासांत आपोआप सुटत असेल तर बर्फाचा संशय सोडा. ट्रान्सफर, म्हणजे साठ्यातून क्रायोस्टॅटमध्ये हेलियम भरणं, नुकतीच झालेली असते तेव्हा भांड्याच्या गळ्यात इतका थंड आणि दाट वायू भरलेला असतो की तोच तारेला गार करून हद्द वरच रोखतो. ट्रान्सफर लाइनचं तोंड सेन्सरकडे वळलेलं असेल तर उडालेल्या तुषारांनी तार भिजते, तेव्हाही आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. आमच्याकडे नियम आहे की ट्रान्सफर थांबवल्यावर पंधरा मिनिटांनी घेतलेला आकडाच वहीत लिहायचा. भरताना दिसतो तो आकडा फक्त वर जातोय की खाली एवढं पाहण्यापुरता.

आणि भरत असतानाच तो खाली जात असेल तर मीटरवर शंका घेऊ नका, ते बहुधा खरंच असतं. लाइन पुरेशी गार व्हायच्या आधीच तिचं टोक द्रवात घातलं तर तिच्यातून येणारा गरम वायू आतलाच हेलियम उकळवत बसतो. टोक वर उचला, लाइनच्या तोंडातून द्रव येऊ लागेपर्यंत थांबा.

आकडा नेमका 100 वर चिकटला असेल तर वायरी तपासा. यातली एक शक्यता फार धोक्याची आहे. प्रवाहाची वायर तुटली किंवा कनेक्टरची पिन सैल झाली की तारेतून प्रवाह जात नाही, म्हणून व्होल्टेज येत नाही, म्हणून साध्या मीटरच्या हिशेबाने सगळी तार बुडालेली. भांडं रिकामं होत आलेलं असतं आणि पडद्यावर 100. नव्या मीटरमध्ये उघडं सर्किट ओळखून इशारा द्यायची सोय असते, जुन्यांत ती असेलच असं धरून चालू नका. हीटर जळला असेल तरी हद्द सुरूच होत नाही आणि आकडा असाच वर राहतो.

कनेक्टर काढून मल्टिमीटरने पाहताना चारही वायरी एकमेकींशी कुठे जोडलेल्या आहेत आणि क्रायोस्टॅटच्या बॉडीशी एकही जोडलेली नाही ना, एवढं पाहावं. थंड सेन्सरवर मल्टिमीटरने वाचलेल्या रोधावरून मात्र पातळी काढू नये. मल्टिमीटरचा प्रवाह इतका थोडा असतो की तार तापत नाही, हद्द सरकत नाही, आणि जो आकडा मिळतो त्याचा पातळीशी संबंध नसतो. खरा उपयोग होतो तो सेन्सर गरम असताना घेतलेल्या रोधाचा. खोलीच्या तापमानाला तो थंड रोधापेक्षा थोडा जास्त असतो. नवा सेन्सर बसवायच्या दिवशीच चारही वायरींमधले रोध मोजून लॉगबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दोन वर्षांनी तार शाबूत आहे का हे ठरवायला त्याच्यासारखा आधार नाही.

रिकाम्या होत आलेल्या भांड्यात आकडा आठ-दहा टक्क्यांवर अडून बसतो आणि खाली जातच नाही, असाही प्रकार असतो. क्रायोस्टॅट आधी द्रवरूप नायट्रोजनने गार केला असेल आणि तो पुरता बाहेर काढला नसेल तर उरलेला नायट्रोजन तळाशी गोठतो. त्यात रुतलेली तार थंडच राहते, मीटर तिला हेलियममध्ये बुडालेली समजतो. शिवाय तो गोठलेला नायट्रोजन गार करायला सुरुवातीचा बराचसा हेलियम खर्ची पडतो, तो तोटा वेगळाच. नायट्रोजन काढताना आतल्या थर्मामीटरवर तापमान 77 केल्विनच्या वर जाऊन सतत वाढताना दिसल्याशिवाय हेलियम सोडू नये.

मीटर बदलला असेल तर प्रवाह आणि लांबीची सेटिंग पाहा. प्रवाह कमी पडला तर हद्द वाटेतच विझते आणि आकडा जास्त येतो. प्रवाह फार जास्त झाला तर हद्द द्रवातही थोडी घुसते आणि आकडा कमी येतो. पंप लावून हेलियम 2.17 केल्विनच्या खाली नेला असेल तर अतिप्रवाही हेलियमचा पातळ थर तारेवरून वर चढतो, तिथे नेहमीच्या प्रवाहावरचे आकडे विश्वासाचे राहत नाहीत. तसंच दहा-अकरा टेस्लाच्या वर नायोबियम-टायटॅनियम 4.2 केल्विनलाही अतिसंवाहक राहत नाही, म्हणून मोठ्या मॅग्नेटच्या जवळून सेन्सर नेताना जागा विचारपूर्वक निवडावी.

एक ताकीद. आत व्हॅक्यूम असताना सेन्सर कधीही चालू करू नका. उष्णता वाहून न्यायला वायूच नसेल तर ती केसासारखी तार काही क्षणांत जळते, आणि ती बदलायची म्हणजे सगळा क्रायोस्टॅट उघडायचा.

डिपस्टिक: कानाने आणि बोटाने

मीटरवर शंका आली की त्याला दुसऱ्या, वेगळ्या तत्त्वाच्या साधनाने विचारावं. सगळ्यात भरवशाचं साधन सगळ्यात स्वस्त आहे: तीनेक मिलिमीटर व्यासाची, पातळ भिंतीची, दीड मीटर लांब स्टेनलेस स्टीलची नळी, आणि वरच्या टोकाला ताणून बांधलेला रबरी हातमोज्याचा तुकडा. नळी सावकाश खाली सोडली की रबर थरथरू लागतं. नळीचं खालचं टोक चार केल्विनवर, वरचं तीनशेवर, आणि आतला वायू या दोन टोकांमध्ये मागेपुढे हेलकावे घेऊ लागतो. याला टॅकोनिस आंदोलनं म्हणतात.

टोक वायूत असेपर्यंत थरथर जलद आणि हलकी असते. द्रवाला टेकलं की ती एकदम संथ आणि जोरकस होते, बोटाखाली ठोके लागतात. वर उचला, पुन्हा जलद. हा बदल जिथे होतो तिथे नळीवर चिमटा लावा आणि बाहेर काढून मोजा. पहिल्यांदा नळी गरम असते, द्रवाला टेकताच उकळी फुटते आणि सगळंच थरथरतं, म्हणून मिनिटभर थांबून दोन-तीनदा खालीवर करून पाहावं. हाताला सवय झाली की अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत अचूक उत्तर येतं. नव्या मुलांना मी मीटर शिकवायच्या आधी हे शिकवतो, कारण बोटाखालचा तो बदल एकदा जाणवला की आत खरोखर एक पृष्ठभाग आहे हे त्यांना पटतं.

काळजी दोन गोष्टींची. डिपस्टिक घालताना आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त हवा आणि पोर्ट क्षणभरच उघडं राहायला हवं, नाहीतर हवा आत शिरून गोठते आणि उद्याचा अडसर आज आपणच तयार करतो. आणि काम झालं की नळी बाहेर. आत विसरलेली डिपस्टिक थरथरत राहून सतत उष्णता आत ढकलते. विनाकारण बॉइल-ऑफ (हेलियम उकळून उडण्याचं प्रमाण) वाढला असेल तर अशी एखादी वरून बंद, खालून उघडी बारीक नळी कुठे राहिली आहे का तेही पाहा. त्यातून सुटका नसेल तर नळीत जाडसर दोरा सोडला तरी आंदोलनं बरीच शमतात.

एक लिटर द्रवाचा खोलीच्या तापमानाला साडेसातशे लिटर वायू होतो, म्हणून हे सगळं दार उघडं ठेवून, ऑक्सिजन मॉनिटर चालू ठेवून, हातमोजे आणि चष्मा घालून. एकट्याने नाही.

वायूचा मीटर आणि वजनकाटा

रिकव्हरी लाइनवर, म्हणजे उडालेला वायू परत गोळा करणाऱ्या नळीवर, गॅस मीटर असेल तर रोजचा वायू पाहून किती द्रव उडाला ते काढता येतं. इथे एक चूक फार जण करतात. साडेसातशेने भागून मोकळे होतात आणि मग मीटरशी जुळत नाही म्हणून गोंधळतात. पातळी एक लिटरने उतरली की ती जागा रिकामी राहत नाही, ती थंड वाफेने भरते, आणि 4.2 केल्विनची ही वाफ चांगलीच जड असते: लिटरला 17 ग्रॅम, द्रव लिटरला 125 ग्रॅम. त्यामुळे बाहेर येतो तो सुमारे साडेसहाशे लिटर वायू. या आकड्याने भागून पाहा, डिपस्टिकशी जुळेल.

वजनालाही हेच लागू. 100 लिटरच्या स्टोरेज ड्युअरमध्ये साडेबारा किलो द्रव मावतो. पण द्रव संपलेल्या, तरीही थंड असलेल्या ड्युअरमध्ये दीड किलोपर्यंत वाफ असू शकते. गरम, रिकाम्या ड्युअरच्या वजनाशी तुलना केली तर तेवढा दहा-बारा लिटर द्रव उरला आहे असं वाटेल, आणि तो नसतो.

टक्के म्हणजे लिटर नव्हेत, हेही इथेच सांगतो. क्रायोस्टॅटच्या पोटात मॅग्नेट बसलेला असतो, तिथले दहा टक्के वेगळे, वरच्या मोकळ्या भागातले वेगळे, गळ्यातले आणखी वेगळे. सेन्सरचं शून्यसुद्धा भांड्याच्या तळाशी असतंच असं नाही. भरलेले लिटर आणि चढलेले टक्के यांचा तक्ता एकदा काढून मीटरशेजारी चिकटवला की अर्धे वाद मिटतात.

मीटर स्वतः किती हेलियम खातो

सेन्सर चालू असताना तार तापते, आणि ती उष्णता क्रायोस्टॅटच्या आतच जाते. आमच्या 50 सेंटीमीटरच्या सेन्सरवर पूर्ण तार रोधक असेल तर सव्वा वॉट. एक वॉट उष्णता थेट द्रवात गेली तर तासाला सुमारे 1.4 लिटर हेलियम उकळतो. सगळी उष्णता द्रवात जात नाही, बरीच वर जाणाऱ्या वायूबरोबर निघून जाते, तरी चांगल्या स्टोरेज ड्युअरचा स्वतःचा तोटा दिवसाला एखादा लिटरच असतो हे लक्षात घेतलं तर हा खर्च केवढा ते दिसेल. आणि पातळी जितकी खाली, तितकी रोधक तार लांब, तितकी उष्णता जास्त. म्हणजे हेलियम कमी असतो तेव्हाच मीटर जास्त खातो.

म्हणून सतत मोजण्याची सेटिंग फक्त ट्रान्सफरपुरती. एरवी मीटरने तासाला किंवा दिवसातून दोनदा काही सेकंद मोजावं, आकडा धरून ठेवावा आणि प्रवाह बंद करावा. “हेलियम दोन दिवस आधीच संपतो” अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हे बटण पाहतो. शुक्रवारी संध्याकाळी ट्रान्सफर झाली आणि बटण तसंच राहिलं, हे कारण मला गळतीपेक्षा जास्त वेळा सापडलं आहे.

दुरुस्ती

बर्फ आहे हे कळल्यावर प्रवाह वाढवून तो वितळवायचा मोह होतो. सेन्सरच्या पुस्तिकेत तशी मुभा आणि मर्यादा स्पष्ट दिलेली असेल तरच ते करावं, अंदाजाने नाही. आम्ही केलं नाही. विद्यार्थ्यांची मोजमापं संपेपर्यंत तीन आठवडे डिपस्टिकवर काढले. रोज सकाळी एकदा, मॅग्नेट चढवण्याआधी एकदा, आणि 64 ते 38 मधल्या मीटरच्या आकड्यावर लाल शाईने काट.

मग क्रायोस्टॅट गरम केला, आणि या वेळी पूर्ण दोन दिवस थांबलो. आतलं तापमान खोलीइतकं झाल्यावरच इन्सर्ट काढला. वरून 18 सेंटीमीटरवर, नळीच्या एका भोकाच्या कडेला, पाणी वाळल्याचा पांढरट डाग होता. सेन्सर उभा टांगून नळीतून रात्रभर कोरड्या नायट्रोजनचा मंद झोत सोडला. सेन्सरच्या पोर्टची ओ-रिंग काढून पाहिली तर तिच्यावर बारीक चीर होती. थेंबाचं कारण ती नसावी, पण ती बदलली, कारण तिच्यातून हवा आत जाण्याचा रस्ता खुला होता. रोध मोजले, जुन्या नोंदीशी जुळले. इन्सर्ट बसवून, मीटरची केबल काढून ठेवून, तीनदा व्हॅक्यूम करून तीनदा हेलियम वायू भरला. शेवटच्या वेळी वायू भरलेला असतानाच केबल जोडली.

त्यानंतर पावसाळ्यात इन्सर्ट काढायचा असेल तर आदल्या दिवशीपासून खोलीत एसी आणि डीह्युमिडिफायर चालू असतो, आणि आतला थर्मामीटर 295 केल्विन दाखवेपर्यंत फ्लँजचा एकही बोल्ट सैल केला जात नाही. दर सोमवारी ट्रान्सफरच्या आधी मीटर आणि डिपस्टिक, दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहिले जातात. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या आठवड्यात गुरुवारी रात्री मी मुद्दाम थांबलो होतो. नऊ वाजता 64 आला. दहा वाजता त्याच्या किंचित खाली. शुक्रवारी संध्याकाळी मीटर 56, डिपस्टिक 28 सेंटीमीटर.